जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमाची) प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली आहे, पण वॉर्ड पोस्टिंग फारच कमी मिळालं. तयारी कशी करावी?

वॉर्ड कमी मिळालेली मुलं बहुधा मूळ प्रोसिजरमध्ये चुकत नाहीत. चुकतात ती तिच्या आधी आणि नंतर: रुग्णाचं नाव विचारायचं राहतं, पडदा ओढायचा राहतो, शेवटी नोंद राहते. म्हणून मैत्रिणीला खाटेवर झोपवा, ट्रे लावा आणि प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत करा. सुरुवातीला हसू येतं, येऊ द्या.

हात धुणं हलक्यात घेऊ नका. साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद, हँडरबने 20 ते 30.

बीपीला घरातले सगळे सापडतात. पाच मिनिटं शांत बसवा, हात हृदयाच्या पातळीला ठेवा. आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवा. ती जिथे लागेनाशी होते त्याच्यापेक्षा 30 मिलिमीटर वर जा, मग स्टेथोस्कोप लावून सेकंदाला 2-3 मिलिमीटरने हवा सोडा. दरवेळी थेट 200 पर्यंत फुगवलं की सराव नाही हे लगेच दिसतं. श्वास मोजतोय हे मात्र रुग्णाला सांगू नका, नाहीतर तो श्वास बदलतो. नाडी धरून ठेवल्यासारखं करा आणि पूर्ण मिनिट मोजा.

इंजेक्शन मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, जमेल. पण वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट सुयांसाठीच्या पांढऱ्या डब्यात. आमच्या बॅचमध्ये निम्म्यांचे हात सवयीने टोपणाकडेच जायचे.