मुलं काढून घेतली, म्हणून पुढचं मूलही बंद?

प्रश्न : व्यसनी आईकडून मुलं काढून घेतल्यावर ‘आता आणखी मूल नको’ असा हुकूम अमेरिकेतल्या न्यायालयाने दिला होता म्हणे. तो टिकला का? आपल्याकडे बालकल्याण समिती असं बजावू शकते का?
– समाजकार्याची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तो टिकला नाही. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरच्या कुटुंब न्यायालयाने २००४ मध्ये एका आईला बजावलं, की आधीची मुलं परत ताब्यात मिळेपर्यंत गर्भ राहता कामा नये. २००७ मध्ये अपिलात ही अट रद्द झाली, कारण कायद्याने त्या न्यायालयाला असा अधिकारच दिलेला नव्हता.

विस्कॉन्सिन राज्यातला २००१चा निकाल मात्र उलटा आहे आणि तो हमखास यात मिसळला जातो. तिथे नऊ मुलांच्या बापाला पोटगी जाणूनबुजून बुडवल्याबद्दल शिक्षा झाली होती. ‘मुलांना पोसू शकतो हे दाखवल्याशिवाय आणखी मूल नको’ ही परिवीक्षेची (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं राहण्याची) अट चार विरुद्ध तीन मतांनी टिकली. ते फौजदारी प्रकरण होतं, ताब्याचं नव्हे.

आम्हाला सर्वांत धोक्याचा वाटतो तो कॅलिफोर्नियातला १९९१चा हुकूम. मुलांना मारहाण केलेल्या आईला परिवीक्षेसाठी नॉरप्लांट हे गर्भनिरोधक बसवण्याची अट घातली गेली. दंडाच्या कातडीखाली सहा बारीक नळ्या, परिणाम पाच वर्षं. अनियमित रक्तस्राव ही त्यांची नेहमीची तक्रार होती, आणि काढायला प्रशिक्षित हात व छोटी चीर लागायची. त्रास झाल्यावर त्या काढायलाही न्यायालयाची परवानगी लागणार असेल, तर तो उपचार राहत नाही.

आपल्याकडे समितीला हा अधिकार नाही. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे ती समोरच्या बालकाची काळजी, निवारा आणि पुनर्वसन ठरवते, आईच्या गर्भाशयाबद्दल काही ठरवत नाही. मूल होऊ द्यावं की नाही हा निर्णय राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात म्हटलं आहे.

‘नसबंदी करा, मग मूल देतो’ असं कोणी तोंडी सांगितलं तर लेखी आदेश मागा आणि आईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्या. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिला स्वतःला गर्भनिरोधक साधन हवं असेल तर सरकारी दवाखान्यात तांबी (३८०ए, दहा वर्षं) किंवा दर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन मोफत आहे. पण ही चर्चा सुनावणीच्या दिवशी, समितीच्या दारात करू नका. तिथे दिलेला होकार भीतीपोटीही असू शकतो.