स्पिंडल थांबताना ट्रिप होतो. ड्राइव्ह खरोखर गेला आहे का?

प्रश्न : साकीनाका येथील औद्योगिक वसाहतीत माझा लहानसा गाळा असून, गेल्या दिवाळीनंतर मी एका व्यापाऱ्याकडून वापरलेले सीएनसी (संगणक-नियंत्रित) मिलिंग मशीन विकत घेतले. त्याचा स्पिंडल (कापणारे हत्यार फिरवणारा दांडा) साध्या इंडक्शन मोटरवर आणि ४१५ व्होल्टच्या व्हीएफडी ड्राइव्हवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर) चालतो. १५०० आरपीएमवर काहीच त्रास होत नाही. परंतु ६००० आरपीएमवरून स्पिंडल थांबवला की ओव्हरव्होल्टेजचा अलार्म येऊन मशीन बंद पडते. शिवाय पावसाळा सुरू झाल्यापासून साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी पहिल्याच स्टार्टला कधी कधी ग्राउंड फॉल्ट (वीज अर्थिंगकडे गळत असल्याचा इशारा) दिसतो आणि तासाभराने नाहीसा होतो. मेकॅनिकने ड्राइव्ह बदलण्यास सांगितले आहे. बदलावा काय?
— एक वाचक, साकीनाका

उत्तर : इतक्यात बदलू नये. अलार्म कोणत्या क्षणी येतो हे आपण नेमके लिहिले आहे, त्यामुळे निम्मे निदान आपल्या पत्रातच झाले आहे.

स्पिंडल थांबवताना मोटर काही क्षण जनित्रासारखी वागते आणि फिरत्या भागांतील ऊर्जा ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये (आतील एकदिश विजेच्या मार्गात) परत ढकलते. ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ही बस एरवी ५८५ व्होल्टच्या आसपास असते. साध्या व्हीएफडीच्या रेक्टिफायरमधून (एसीचे डीसी करणाऱ्या भागातून) ऊर्जा पुरवठ्याकडे परत जाऊ शकत नसल्यामुळे बसचे व्होल्टेज चढत जाते, आणि ते साधारण ८०० व्होल्टच्या आसपास पोहोचले की ड्राइव्ह स्वतःला वाचवण्यासाठी ट्रिप होतो. फिरण्यातील ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ६००० आरपीएमला ती १५०० आरपीएमच्या सोळा पट असते. कमी वेगात सारे सुरळीत का चालते, याचे उत्तर इथेच मिळते. ही जादा ऊर्जा उष्णतेत जिरवण्याचे काम ब्रेकिंग रेझिस्टरचे असते, म्हणून संशय प्रथम त्याच्यावर घ्यावा.

मशीनचा मुख्य स्विच बंद करून ड्राइव्हवरील चार्ज दिवा विझेपर्यंत थांबावे, त्यानंतरही किमान दहा मिनिटे जाऊ द्यावीत आणि बसवरील डीसी व्होल्टेज शून्याजवळ आल्याची मल्टिमीटरने खात्री करूनच हात घालावा. मग रेझिस्टरची एक वायर सोडवून त्याचा ओहम मोजावा आणि त्याच्या पट्टीवरील आकड्याशी ताडून पाहावा. मीटर काहीच दाखवत नसेल, तर आतील तार तुटलेली आहे. वापरलेल्या मशीनमध्ये याहून साधा प्रकारही आढळतो : आधीच्या मालकाने ड्राइव्ह बदललेला असतो, रेझिस्टर मात्र जोडायचा राहून गेलेला असतो आणि पॅनलमध्ये टेप गुंडाळलेल्या दोन वायरी नुसत्या लोंबत असतात. नवा रेझिस्टर घेताना ड्राइव्हच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान ओहमपेक्षा कमी मूल्याचा घेऊ नये, अन्यथा आतील ब्रेकिंग ट्रान्झिस्टर जळेल.

रेझिस्टर ठीक निघाला, तर त्याच्याकडे जाणाऱ्या वायरी आणि ब्रेकिंगचे पॅरामीटर (ड्राइव्हमध्ये भरलेली मूल्ये) तपासावेत. अनेक ड्राइव्हमध्ये रेझिस्टर जोडल्यावर ओव्हरव्होल्टेज स्टॉलची (बसचे व्होल्टेज चढले की थांबण्याचा वेळ आपोआप लांबवणारी) सोय बंद ठेवावी लागते, हे पुष्कळदा विसरले जाते. पडताळ्यासाठी थांबण्याचा वेळ, समजा, २ सेकंदांवरून ८ सेकंद करून पाहावा. ट्रिप होणे थांबले, तर निदान पक्के झाले. मात्र हा उपाय समजून मशीन तसेच चालवत राहू नये, कारण टॅपिंग करताना (टॅप या हत्याराने भोकात आटे पाडताना) स्पिंडलला ठरलेल्या खोलीवर थांबून उलटे फिरावे लागते आणि तिथे उशीर झाला तर टॅप मोडतो.

ग्राउंड फॉल्टची गोष्ट निराळी आहे. बंद गाळ्यात सुट्टीच्या दिवशी मुंबईची दमट हवा मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये आणि पॅनलमध्ये साचते, तेथे आधीच कूलंटचे तुषार आणि लोखंडाचा बारीक भुगा बसलेला असतो, आणि दोन्हींच्या मिश्रणातून विद्युतप्रवाह अर्थिंगकडे गळू लागतो. मशीन तापले की ओल उडते, म्हणून फॉल्ट तासाभराने जातो. अशाच एखाद्या सकाळी, मशीन चालू करण्यापूर्वी, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या मीटरने) मोटरचे इन्सुलेशन तपासावे. परंतु त्याआधी मोटरच्या यू, व्ही, डब्ल्यू या तिन्ही वायरी ड्राइव्हपासून सोडवाव्यात, कारण मेगरचे व्होल्टेज ड्राइव्हमध्ये गेले तर धडधाकट ड्राइव्हही कायमचा निकामी होतो. एक मेगओहमपेक्षा कमी वाचन आले, तर टर्मिनल बॉक्स साफ करून, सुकवून पुन्हा मोजावे. तरीही आकडा वर आला नाही, तर मोटर वाइंडरकडे पाठवावी. पॅनलच्या दाराची रबरी पट्टी, केबल ग्लँड आणि पंख्याची जाळी पाहून घेणे हे स्वस्तातले काम आहे, ते लगेच उरकावे.

एवढे करूनही दोष राहिला, तरच ड्राइव्हकडे वळावे. वीज काढून, बस रिकामी झाल्यावर आणि पुरवठ्याच्या व मोटरच्या वायरी सोडवून, मल्टिमीटर डायोड तपासणीच्या खुणेवर ठेवावा आणि बसच्या धन व ऋण टर्मिनलपासून तिन्ही आउटपुटपर्यंत मोजावे. चांगल्या ड्राइव्हमध्ये एका दिशेने साधारण ०.३ ते ०.५ व्होल्ट दिसतात, उलट दिशेने मार्ग बंद असतो आणि तिन्ही वाचने जवळपास सारखी येतात. एखादे वाचन शून्य आले, तर मेकॅनिकचे म्हणणे खरे धरावे. पण ड्राइव्ह खाली उतरवण्याआधी त्यातील सर्व पॅरामीटर वहीत उतरवून घ्यावेत, कारण मोटरचा करंट आणि कमाल वेग यांचे आकडे नव्या ड्राइव्हमध्ये आपल्यालाच भरावे लागतील.