चौथीपर्यंत हुशार, पाचवीत अचानक मागे?

ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत, पहिली घटक चाचणी आटोपली की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "चौथीपर्यंत हा वर्गात पहिल्या पाचांत असायचा, पाचवीत गेला आणि काय झाले तेच कळत नाही." दोन वर्षांपूर्वी असाच प्रश्न घेऊन आलेल्या एका कुटुंबाचा अनुभव येथे सविस्तर मांडते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला आपण सोहम म्हणू.

सोहम गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीपर्यंत शिकला. महाराष्ट्रात अशा अनेक शाळा चौथीलाच संपतात आणि मुलांना पाचवीसाठी जवळच्या हायस्कूलमध्ये जावे लागते. म्हणजे इयत्ता एकाने वाढते, पण शाळा, मित्र, जाण्यायेण्याची वाट आणि शिक्षक एकदमच बदलतात. सोहमला चाचणीत परिसर अभ्यासात वीसपैकी सात गुण मिळाले होते आणि शाळेची वेळ झाली की रोज त्याचे पोट दुखत असे. डॉक्टरांना तपासणीत काही आढळले नव्हते. "आता पाचवीत नापास करतात, मॅडम, म्हणून शिकवणी लावतोय," असे वडील म्हणाले. शिक्षण हक्क कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर राज्याने पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षेचा नियम आणला, हे खरे आहे. मात्र अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला आधी जादा मार्गदर्शन आणि फेरपरीक्षेची संधी मिळते, हा त्याच नियमाचा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नव्हता. तो ऐकल्यावर शिकवणीचा निर्णय दिवाळीपर्यंत थांबवायला ते तयार झाले.

पहिल्या भेटीत माझी एक चूक झाली. शाळेत काय आवडत नाही ते कागदावर लिही, असे मी सोहमला सांगितले आणि तो गप्प झाला. पुढच्या भेटीत मी त्याला दप्तर घेऊन यायला सांगितले, तेव्हा उलगडा झाला. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, अशी अपेक्षा आहे. सोहमचे वजन 27 किलो आणि दप्तर जवळजवळ सहा किलोचे होते. सगळ्या विषयांची पुस्तके आणि वह्या तो रोज नेत होता, कारण तासिकांचे वेळापत्रक कसे वाचायचे हे त्याला कोणी दाखवलेच नव्हते. चौथीत एकच बाई सगळे विषय शिकवीत आणि "आता गणित काढा" असे सांगत; येथे घंटा झाली की दुसरे शिक्षक वर्गात येत आणि थेट शिकवायला सुरुवात करीत.

परिसर अभ्यासाची वही मी पानापानाने पाहिली. प्रत्येक पानावर पहिल्या तीन ओळी गोल, टपोऱ्या अक्षरांत होत्या, चौथी ओळ तिरकी झालेली होती आणि पाचवी अर्ध्या शब्दावर तुटलेली होती. पुढे कोरी जागा आणि नंतर थेट नवा धडा. "फळा पुसतात," एवढेच तो म्हणाला. ज्याची वहीच अर्धी आहे, त्याने परीक्षेला काय वाचावे? पेन्सिल सुटून हाती नुकताच पेन आला होता आणि अक्षर सुंदर काढण्याची जी सवय चौथीत कौतुकाची होती, तीच येथे त्याला मागे ठेवीत होती. त्याला समजत नाही, असे मला एकदाही वाटले नाही. तोंडी विचारल्यावर त्याने नकाशातल्या दिशा आणि पाण्याचे चक्र नीट सांगितले. पोटदुखीचेही एक साधे कारण निघाले : मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात मोठ्या मुलांची गर्दी असे, म्हणून तो दिवसभर पाणीच पीत नव्हता आणि लघवी रोखून धरत होता.

उपाय साधेच होते, पण ते टिकवायला सगळ्यांना कष्ट पडले. रात्री जेवणानंतर सोहमने स्वतः वेळापत्रक पाहून दप्तर भरायचे आणि आईने फक्त शेजारी बसायचे, असे ठरले. ओळखायला सोपे जावे म्हणून प्रत्येक विषयाला वेगळ्या रंगाचे कव्हर घातले. दहा मिनिटे पुस्तकातला उतारा उतरवायचा, त्यात अक्षराला गुण नाहीत, फक्त ओळी मोजायच्या. वडिलांना हे पटायला वेळ लागला, कारण वळणदार अक्षर हा त्यांच्या घरातला अभिमानाचा विषय होता. वर्गशिक्षिकांना मी भेटले. साठ मुलांच्या वर्गात एकासाठी थांबणे शक्य नाही, हे त्यांचे म्हणणे रास्तच होते. तरीही त्यांनी त्याला दुसऱ्या बाकावर बसवले, राहिलेले लेखन शेजाऱ्याच्या वहीतून पूर्ण करू दिले आणि सुट्टीच्या पाच मिनिटे आधी बाहेर जाण्याची परवानगी दिली. फळा नीट दिसतो ना, हे पाहण्यासाठी डोळेही तपासून घेतले. अशाच तक्रारी दुसरी-तिसरीपासून असत्या, वाचतानाही अक्षरे गाळली जात असती, तर मी अध्ययन अक्षमतेची तपासणी सुचवली असती.

पोटदुखी तीन आठवड्यांत थांबली. गुण मात्र लगेच वाढले नाहीत. प्रथम सत्र परीक्षेत तो जेमतेम मध्यावर होता, आणि त्या दिवशी आईच्या चेहऱ्यावरची काळजी मला स्पष्ट दिसली. मी त्यांना दोन वह्या शेजारी ठेवून दाखवल्या, जुलैची आणि नोव्हेंबरची. नोव्हेंबरच्या वहीत अक्षर बिघडलेले होते, पण प्रत्येक धडा शेवटच्या ओळीपर्यंत लिहिलेला होता. पाचवीत नव्याने सुरू झालेली हिंदी अजून कच्ची होती. तिच्यासाठी आम्ही जानेवारीपासून रोज एक पान मोठ्याने वाचायला सुरुवात केली.