उत्तर: बाहेर मॅग्नोलिया फुललाय आणि घरात सगळे खोकताहेत

डिसेंबरात मिनियापोलिसहून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला आलात, रस्त्यारस्त्याला फुलं, मुलं नुसत्या स्वेटरवर बाहेर खेळताहेत. पण घरात सगळ्यांना शिंका, रात्री खोकला आणि सकाळी बेडरूमच्या काचा ओल्या. 'ही फुलांची ॲलर्जी का?' हा तुमचा प्रश्न वाचला आणि आमचा इथला पहिला हिवाळा आठवला. आम्हीही मिनेसोटातूनच आलो.

लगेच फुलांवर आळ घेऊ नका. मॅग्नोलिया, कॅमेलिया ही कीटकांच्या भरवशावरची झाडं, त्यांचे पराग वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. पिवळ्याधमक ॲकेशियाला सगळेच शिव्या घालतात, पण या दिवसांत नाकाला खरा छळ सायप्रस, जुनिपर, आल्डर या झाडांच्या परागांचा, आणि त्यांचा फुलोरा तर कुणाच्या डोळ्यातही भरत नाही. ॲलर्जी आहे की नाही ते डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही. पण काचांना सुटणारं पाणी कुठल्याच फुलातून येत नाही.

तिकडे उणे वीसमध्येही घर ऊबदार आणि कोरडं, म्हणून आपण ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, लावायचो. इथल्या जुन्या अपार्टमेंटांत बहुधा एकेरी काच, ॲल्युमिनियमची चौकट, हॉलमध्ये गॅसचा एक वॉल हीटर आणि बेडरूममध्ये काहीच नाही. त्यात पावसाळा हिवाळ्यातच. बाहेर पाच-सहा अंश झाले की चार माणसांच्या श्वासातली वाफ गार काचेवर आणि कपाटामागच्या भिंतीवर जमते. तो ह्युमिडिफायर आणला असेलच, तर खोक्यातच राहू द्या. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणा. आकडा सतत साठ टक्क्यांच्या वर राहत असेल तर हवेतला ओलावा शोषणारा डिह्युमिडिफायर घ्या.

आमचा खरा घात केला तो अपार्टमेंटच्या ऑफिसने. नाव घेत नाही. कपाट सरकवलं तर मागे काळे ठिपके, आणि खालच्या खणातल्या आईच्या इरकली साडीच्या घडीवर करडी बुरशी. ऑफिसातल्या बाई गोड हसून म्हणाल्या, 'फुलांचा सीझन आहे, खिडक्या बंद ठेवा.' म्हणजे ओल आतच कोंडायची! मग एक जण येऊन ब्लीचने पुसून वर पांढरा रंग फासून गेला. पुढच्या पावसात ठिपके पुन्हा हजर. शेवटी लेखी उत्तर आलं की हे तुमच्या स्वयंपाकाच्या वाफेने होतंय. कुकरच्या तीन शिट्ट्यांनी भिंती काळ्या होत असत्या तर अख्खं पुणं काळं पडलं असतं. घर सोडताना त्याच भिंतीच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले, ते वेगळंच.

म्हणून सांगतो, फोनवर बोलू नका. ईमेल करा, तारखेसह फोटो जोडा. कॅलिफोर्नियात 2016 पासून डोळ्यांना दिसणारी बुरशी ही घर निकृष्ट ठरवणाऱ्या गोष्टींत मोडते (बाथरूमच्या फरशीवरचे किरकोळ डाग सोडून). राहत्या खोल्या 70 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण 21 सेल्सिअसपर्यंत, तापतील अशी सोयही घरमालकाने द्यायची असते. ऑफिस दाद देत नसेल तर शहराच्या कोड एन्फोर्समेंट विभागाकडे, म्हणजे घरांचे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्यांकडे, तक्रार करा. तक्रार केली म्हणून सूड घेणं बेकायदेशीर आहे. घर सोडल्यावर 21 दिवसांत डिपॉझिट किंवा कपातीचा हिशोब मिळायला हवा. मी वकीलही नाही. भाडेकरूंना मोफत सल्ला देणाऱ्या संस्था आहेत, त्यांना एकदा कागद दाखवा.

तोवर स्वयंपाक आणि आंघोळीच्या वेळी वाफ बाहेर टाकणारा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा, कपडे घरात वाळत घालू नका, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आणि दुपारी कोरडं ऊन असेल तेव्हा खिडक्या सताड उघडा. हो, फुलं असली तरी.

तुम्ही विचारलेली, कुंपणाशी उगवलेली पिवळी फुलं म्हणजे आपल्या आंबुशीची दक्षिण आफ्रिकेतली बहीण. मुलं देठ चघळतात, एखाद-दुसरा चालेल, पण कुत्री फिरतात तिथला नको.

आणि तिकडून आणलेल्या ट्युलिपच्या कंदांचं म्हणाल तर यंदा आशा सोडा. इथली थंडी त्यांना पुरत नाही. ऑक्टोबरात नवे कंद घेऊन सहा ते आठ आठवडे फ्रिजमध्ये ठेवा, शेजारी सफरचंदं मात्र नकोत, आणि डिसेंबरअखेरीस लावा. एवढा खटाटोप नको असेल तर डॅफोडिल लावा, त्यांना फ्रिज लागत नाही.