बारावीला व्हीबीटी येत असेल तर सीएफटी सोडली तर चालेल का?

व्हीबीटी म्हणजे व्हॅलन्स बाँड थिअरी, सीएफटी म्हणजे क्रिस्टल फील्ड थिअरी. धातूच्या आयनाभोवती जोडले जाणारे रेणू किंवा आयन, म्हणजे लिगँड, समजावणाऱ्या रसायनशास्त्रातल्या या दोन मांडण्या. पहिलीत हायब्रिडायझेशन, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागा (ऑर्बिटल्स) मिसळून बंध दाखवणं, येतं. तुमच्या मुलीचे क्लासवाले सर म्हणतात, ‘हायब्रिडायझेशन आलं की मार्क हातात, सीएफटी ऑप्शनला टाका.’ नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये शिकवत असताना हेच मी ऐकलं आणि त्यावरूनच तो क्लास सोडला. म्हणून लिहितोय.

अजिबात सोडू नका.

संचालकांचं म्हणणं होतं, पोर्शन मागे पडलाय, सीएफटी अर्ध्या तासात उरका. दुसऱ्या दिवशी मी निकेल सल्फेटचं द्रावण आणि अमोनियाची बाटली घेऊन वर्गात गेलो. आधी खिडक्या उघडायला लावल्या. हिरव्या द्रावणात थेंब थेंब अमोनिया सोडला. सुरुवातीला फिकट हिरवा गढूळ साका आला, आणखी सोडत गेल्यावर तो विरघळला आणि टेस्ट ट्यूब निळी-जांभळी झाली. मग एका मुलीला फळ्यावर हिरव्या आणि निळ्या-जांभळ्या, दोन्ही द्रावणांतल्या निकेलचं हायब्रिडायझेशन काढायला सांगितलं. निकेलभोवती पाण्याचे सहा रेणू: एसपी३डी२ हायब्रिडायझेशन, दोन अनपेअर्ड (जोडी नसलेले) इलेक्ट्रॉन. अमोनियाचे सहा: तेच. खडू तसाच हातात धरून ती म्हणाली, “सर, दोन्ही सेमच येतंय.”

मग रंग का बदलला? व्हीबीटीकडे याचं उत्तर नाही. सीएफटीकडे आहे. निकेलची डी ऑर्बिटल्स दोन गटांत फुटतात. त्या गटांमधलं ऊर्जेचं अंतर पाण्याबरोबर साधारण ८,५०० प्रति सेंमी, अमोनियाबरोबर १०,८०० च्या आसपास. अंतर वाढलं की शोषला जाणारा प्रकाश निळ्या टोकाकडे सरकतो, आणि उरलेला, आपल्याला दिसणारा रंग बदलतो.

संचालक दारात उभे होते. म्हणाले, “सीईटीत टेस्ट ट्यूब देत नाहीत.” रंगावरचे प्रश्न देतात, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

आणि सीएफटी ही व्हीबीटीला मागून चिकटवलेली भर आहे, हा समजही चुकीचा. हान्स बेथेने ती १९२९ मध्ये मांडली, स्फटिकांतल्या आयनांसाठी. व्हीबीटीची पॉलिंगची मांडणी १९३१ ची. रसायनवाल्यांनी बेथेचं काम मनापासून हातात घेतलं ते १९५० च्या दशकात.

व्हीबीटी टाकाऊ आहे असं नाही. निकेल सायनाइडबरोबर सपाट चौकोनी आणि डायमॅग्नेटिक (सगळे इलेक्ट्रॉन जोडीत), क्लोराइडबरोबर टेट्राहेड्रल (चार कोपऱ्यांचा) आणि पॅरामॅग्नेटिक (काही इलेक्ट्रॉन जोडीविना), हे तिने पटकन मांडता येतं. सीएफटीही पुरी पडत नाहीच. ती लिगँडला नुसता विद्युतभार मानते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडवर भार नसताना तो फ्लोराइडपेक्षा कितीतरी स्ट्राँग, म्हणजे गटांमधलं अंतर जास्त वाढवणारा, कसा, हे तिला सांगता येत नाही. तिथे धातूकडून लिगँडकडे जाणारे इलेक्ट्रॉन, म्हणजे बॅक बाँडिंग धरावं लागतं. बारावीला त्याची ओळख पुरे.

मुलीला स्पेक्ट्रोकेमिकल सिरीज (लिगँडचा कमी स्ट्राँग ते जास्त स्ट्राँग असा क्रम) आणि डी४ ते डी७, म्हणजे चार ते सात डी इलेक्ट्रॉन असताना, हाय स्पिन-लो स्पिन (जास्त की कमी अनपेअर्ड इलेक्ट्रॉन) पक्कं करायला सांगा. आणि निकेलचा हा प्रश्न तिने त्या सरांना विचारू दे. नीट उत्तर मिळालं नाही तर फीचा पुढचा हप्ता भरण्याआधी दुसरा क्लास बघा. ठाण्यात क्लासची वानवा नाही.