'आय एट' आणि 'आय हॅव ईटन' यात नेमका फरक काय, कधी काय वापरायचं?

हा फरक आपल्या मराठीत आहेच, फक्त शाळेत तसा कुणी दाखवत नाही. 'मी काल दोन वाजता जेवलो' आणि 'नको, मी जेवलोय', या दोन वाक्यांत जो फरक आहे ना तोच. पहिल्यात वेळ सांगितली, विषय संपला, म्हणून आय एट. दुसऱ्यात कधी जेवलो ते महत्त्वाचं नाही, आत्ता पोट भरलंय हे सांगायचंय, म्हणून आय हॅव ईटन. त्यामुळे यस्टरडे, लास्ट इयर, इन २०१९ असं काही आलं की हॅव लावायचं नाही, 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' चूकच आहे.

पण मराठी सगळीकडे कामाला येत नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात बघा. 'मी २०१५ पासून पुण्यात राहतोय' हे आपण वर्तमानकाळात बोलतो म्हणून सरळ 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स २०१५' म्हणून मोकळे होतो, तिथे 'आय हॅव बीन लिव्हिंग' पाहिजे. सिन्सनंतर सुरुवात कधी झाली ते, फॉरनंतर किती काळ झाला ते, म्हणजे फॉर टेन इयर्स. आणि नो, लाइक, बिलीव्ह असल्या क्रियापदांना तिथे आयएनजी नको, 'आय हॅव नोन हर सिन्स कॉलेज' एवढंच.

तसंच 'आलोच पाच मिनिटांत' हा आपल्याकडे भूतकाळ, इंग्लिशमध्ये मात्र आय ॲम कमिंग. रोज स्वतःची पाच-सहा वाक्यं मोठ्याने बोलून बघा, तक्ते पाठ करण्यापेक्षा मला तरी त्यानेच जमलं.