फुटपाथवरची बुलेट हलवताना पडली, आता माझ्यावरच एनसी!

तुमचं पत्र वाचलं. आईला वॉकर घेऊन फिजिओथेरपीला नेताय, फुटपाथवर बुलेट आडवी, उतरून जावं तर खाली रस्त्यावर बसगाड्या, म्हणून तुम्ही गाडी सरकवायला गेलात आणि ती साइड स्टँडवरून कलंडली, आरसा आणि इंडिकेटर गेला. मालक आता १२ हजार मागतोय आणि चौकीत एनसी पण देऊन आलाय.

आधी शांत व्हा. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत की वॉरंटशिवाय उचलू शकत नाहीत. तो जे म्हणतोय ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मधलं, कायद्याच्या मराठीत ‘आगळीक’, आणि त्याला नुकसान करायचा इरादा किंवा तसं होण्याची शक्यता आहे याची जाणीव लागते. वाट करताना गाडी पडली हे त्यात बसवणं अवघड आहे. पण खरंच लाथ घातली असेल तर मला आत्ताच सांगा, नंतर सीसीटीव्हीत दिसलं की माझी पण पंचाईत.

पैशाचं म्हणाल तर गॅरेजचं बिल मागा, तोंडी आकडा नको. आरसा-इंडिकेटरचे वाजवी पैसे देऊन मिटत असेल तर मिटवा, पण लेखी घ्या, आणि ‘मुद्दाम पाडली’ असं लिहिलेल्या कागदावर सही अजिबात नको.

आता त्याची बाजू. ‘इथे नो पार्किंगचा बोर्ड कुठंय’ हे सगळेच म्हणतात, अहो फुटपाथला बोर्ड लागतच नाही, २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्येच तिथे गाडी लावायला मनाई आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२, दंड १७७ खाली ५००, परत केलं तर १५००. रस्ता अडवला म्हणून न्याय संहितेचं २८५ लागलं तर ५००० पर्यंत. शिवाय मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चालण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरलाय, ते अर्जात लिहाच. फोटोत नंबर प्लेट आणि फुटपाथची कड एकत्र दिसू दे, अर्ज ट्रॅफिक शाखेला आणि वॉर्ड ऑफिसला, दोन्हीकडे पोच घ्या. मात्र यामुळे त्याची एनसी रद्द होत नाही, दोन्ही प्रकरणं वेगळी चालतात.

आणि हो, त्या दिवशी तुमची स्वतःची गाडी कुठे लावली होती ते लिहिलं नाहीत. समोरचा वकील पहिलं तेच विचारेल.